हौशी फोटोग्राफरनं आपले फोटो ऑनलाईन कुठं टाकावेत? टाकण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं फोटो काढताय, प्रोफेशनल व्हायचं डोक्यात नाही, टाकले की पंधरा-वीस लाईक येतात तेही घरच्यांचेच, आणि वर कोणीतरी भीती घातलीय की फोटो चोरीला जातात. तर टाकावेत की नकोत, आणि टाकले तर कुठं.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणारं लोखंड कातायचं मशीन) असतो, फोटो काढतो ते रविवारी, नाहीतर सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी. म्हणजे तुमच्याच पंगतीतला. कॅमेरा सेकंडहँड कॅनन १२००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर दिवाळी बोनसमधनं घेतलेली ५० एमएम एफ १.८, एवढीच इस्टेट.

टाका. पण कुठं टाकायचा याच्या आधी कुणाला दाखवायचाय ते ठरवा, माझी तीन-चार वर्षं याच घोळात गेली म्हणून सांगतो.

सुरुवातीला मी रंकाळ्याचा सूर्यास्त टाकायचो. कोल्हापुरात नवीन कॅमेरा घेतलेला प्रत्येक माणूस पहिला महिना रंकाळ्यावरच पडीक असतो, चौपाटीवर उभं राहिलं की समोर पश्चिम, पाण्यात केशरी रंग, पलीकडच्या काठाला शालिनी पॅलेस, फोटो बिघडवायचा म्हटलं तरी बिघडत नाही. गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाकला की चारशे लाईक. कॉमेंट दोनच प्रकारच्या, ‘लई भारी’ आणि ‘नाद खुळा भावा’, मधे एखादा पुण्याला नोकरीला असलेला माणूस लिहिणार की गावची आठवण आली. मी खूश. चारेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मोबाईलवर काढलेल्या कुणाच्याही रंकाळ्याला तेवढेच लाईक पडतात. लोक रंकाळ्यावर प्रेम करत होते आणि मी उगाच कॉलर टाईट करून फिरत होतो. त्यात वाईट काही नाही हो, लांब राहणाऱ्या माणसाला गाव दाखवणं हेही कामच आहे, फक्त त्यातनं माझा फोटो तसूभर सुधारला नव्हता.

मग दूध कट्टा. गंगावेशीतला दूध कट्टा माहीत नसेल तर सांगतो, म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दुधाचा ग्लास तिथंच उभ्यानं रिकामा करायचा. मी संध्याकाळी गेलो, अंधार पडलेला, वर ट्यूबचा उजेड. मला धार हवेत गोठवायची होती म्हणून शटर १/५०० ठेवलं, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडणारं, उजेड कमी म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ६४००, लेन्स पूर्ण उघडी. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर फोटोच्या अर्ध्या भागात मळकट पिवळा पट्टा. पुढचा बघितला तर पट्टा वर, त्याच्या पुढचा बघितला तर खाली. म्हटलं झालं, सेकंडहँड कॅमेऱ्यानं गंडवलं. त्यातल्या त्यात बरा फोटो फेसबुकवर टाकला, ‘नाद खुळा भावा’. पट्ट्याबद्दल एक माणूस बोलला नाही.

तोच फोटो फ्लिकर नावाच्या फोटोंच्या साईटवर कमी उजेडातल्या फोटोंच्या एका ग्रुपमध्ये टाकला. फ्लिकर २००४ पासूनचं आहे, आता तिथं पहिल्यासारखी गर्दी नाही, फुकटच्या अकाउंटला १००० फोटोंची मर्यादा आहे, आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांना नावसुद्धा माहीत नाही. सहा लाईक पडले. आणि एक कॉमेंट, लिहिणारा कोण कुठला मला आजपर्यंत माहीत नाही. त्यानं लिहिलं की तुझा कॅमेरा ठीक आहे, तुमच्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला ते कळत नाही पण १/५०० ला शटरची फट सेन्सरवरनं सरकत जाते तेव्हा फोटोचा काही भाग उजळत्या क्षणाला निघतो आणि काही मंद क्षणाला, शटर १/१०० नाहीतर १/५० ठेव म्हणजे पूर्ण एक चक्कर आत बसेल. मी वेडाच झालो. पुढच्याच रविवारी परत गेलो, १/१०० ठेवलं, पट्टा गायब, आणि धार गोठायच्या ऐवजी एक पांढरी बारीक दोरी दिसायला लागली, जी गोठलेल्या थेंबांपेक्षा कितीतरी छान होती.

आता त्याला हे कळलं कसं, तर फ्लिकर फोटोखाली शटर, आयएसओ, लेन्स सगळं दाखवतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बघणाऱ्याला ती माहिती दिसतच नाही, त्यामुळं तिथं एखाद्या जाणकाराला मदत करायची असली तरी तो अंदाजच बांधणार. तुम्हाला शिकायचं असेल तर एवढ्या एका कारणासाठी फ्लिकरवर अकाउंट काढा.

त्याच माणसानं अजून एक लिहिलेलं, डाव्या कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची बादली डोळ्याला खुपते, काप. मी कापून बघितलं, दोन दिवस ठेवलं, परत आणली. नंतर काढलेल्या चांगल्या फोटोतही बादली ठेवलीच. म्हणजे सल्ला देणारा हुशार आहे म्हणून त्याचं सगळंच ऐकायचं असं नाही.

फोटोखाली ‘कसा वाटला?’ लिहू नका, त्याला ‘मस्त’ हे एकच उत्तर असतं. ‘उजवीकडचा माणूस ठेवू की कापू?’ असं नेमकं विचारा, गप्प बसणारी माणसंही बोलतात. आणि स्वतःचा एक फोटो टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या तीन फोटोंवर नीट दोन ओळी लिहा, त्यातले निम्मे तरी तुमच्याकडं फिरकतात. आमचा एक सहा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, दर रविवारी रात्री प्रत्येकाचा एकच फोटो, आणि ‘भारी’ हा शब्द लिहिला की पुढच्या वेळची मिसळ त्याच्याकडनं. पहिल्या महिन्यात मी चार मिसळी दिल्या. गंमत म्हणजे शब्द बंद झाल्यावर लोकांना फोटो बघावा लागायला लागला.

टेक्निकलमधलं पटकन सांगतो. कॉम्प्युटरवर झकास दिसणारा फोटो टाकल्यावर फिका पडत असेल तर तो अॅडोबी आरजीबी या रंगांच्या सेटिंगमध्ये सेव्ह होत असणार, ते एसआरजीबी करा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी १०८० पिक्सेल, फेसबुकसाठी २०४८, आधीच तेवढा करून टाकला तर त्यांची कात्री कमी चालते. व्हॉट्सअॅपवर चांगला फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण तसा पाठवला की फोटोत जागेची माहिती असेल तर तीही सोबत जाते, तेव्हा घरातले, पोरांचे फोटो अनोळखी माणसाला तसे देऊ नका.

आता चोरी. माझा गेलाय. चैत्र यात्रेला ज्योतिबाच्या डोंगरावर काढलेला, सासनकाठ्या, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या देवाच्या उंच काठ्या, आणि वर गुलालाचा ढग, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर लावून काढलेला, तरी आठवडाभर फटीतनं गुलाल निघत होता. दोन महिन्यांनी कामावर जाताना चौकात बघतो तर एका मंडळाच्या कार्यकर्त्याच्या वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स, मागं माझा गुलाल. गाडी बाजूला घेऊन उभाच राहिलो. खरं सांगू का, चोरल्याचा राग कमी आणि फोटो फाटला त्याचा जास्त! व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून फोटो १६०० पिक्सेलवर आलेला, दहा फूट म्हणजे १२० इंच, इंचाला जेमतेम १३ पिक्सेल, गुलालाचे नुसते चौकोन झालेले. माझ्याकडची मूळ फाईल ५१८४ पिक्सेलची, मागितली असती तर लांबनं बघायला एकदम टकाटक आली असती. मंडळात जाऊन विचारलं तर पोरगा म्हणतो, “देवाच्या डोंगराचा फोटो हाय भावा, तुझा कसा?” यावर काय बोलणार. चहा पाजला त्यांनी. पुढच्या वर्षी मात्र मूळ फाईल मागायला आले आणि कोपऱ्यात माझं नाव छापलं, आडनाव चुकवून.

कायद्यानं फोटो काढणाऱ्याचाच असतो, १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणं, रजिस्टर करावा लागत नाही, आणि काढणारा जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. फक्त कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. हौशी माणूस कोर्टात जात नाही हे मलाही कळतं, पण लहान साईज टाकायची आणि मूळ फाईल जपून ठेवायची, उद्या वाद झालाच तर तोच पुरावा. फोटोच्या मधोमध भलंमोठं नाव टाकणारे बघितले की मला नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक न काढणारी माणसं आठवतात. आणि जे फोटो सगळ्यांनी वापरले तरी चालतील ते मी सरळ विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या सगळ्यांना खुल्या फोटोंच्या साठ्यात देतो, खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाचे दिलेत. तिथं एकदा दिलं की परत घेता येत नाही आणि कुणी धंद्यासाठी वापरलं तरी तक्रार करायची नाही, नाव देणं तेवढं त्यांना बंधनकारक, हे समजून द्या.

चोरीपेक्षा माझ्या हातनं झालेली चूक मोठी. एका ओढ्याजवळ वडाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी होती, फोटो छान आला, मी उत्साहात जागा सांगून टाकला, अगदी कुठल्या फाट्याला वळायचं तेही. पुढच्या रविवारी गेलो तर सात-आठ जण तोफेएवढ्या लेन्सा घेऊन उभे, एकजण मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवतोय, दुसरा खोडावर काठी आपटतोय पाखरू बाहेर यावं म्हणून. त्याच रात्री पक्षी बघणाऱ्या एका बाईंचा मेसेज आला, अजिबात न रागावता लिहिलेला, की घरट्याची जागा कधीच सांगायची नसते, घुबडाची तर नाहीच, जादूटोण्यासाठी धरतात. पोस्ट काढली. जोडी परत त्या ढोलीत दिसली नाही. माझ्यामुळंच गेली असं ठाम नाही म्हणता येणार, पण त्या रस्त्यानं जाताना मी अजूनही मान वळवत नाही.

माणसांचंही तसंच आहे. एका तालमीत मी लाल मातीतल्या पोरांचे फोटो काढले आणि टाकले, वस्तादांना दाखवायच्या आधी. नंतर गेलो तर ते म्हणाले, “जगाला दावलास, आमास्नी कोण दावणार?” ओरडले नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून नियम केला, ज्याचा फोटो त्याला पहिली प्रिंट, मग ऑनलाईन. स्टुडिओत छोटी प्रिंट चहा-वड्याच्या पैशात होते. तालमीतली प्रिंट आता मारुतीच्या तसबिरीशेजारी खिळ्याला आहे आणि पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. ज्या गावात बाबुराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला तिथं फोटोचं कौतुक असणारच, मी लेथवाला असल्यामुळं मला त्या कॅमेऱ्याचं जरा जास्तच.

दूध कट्ट्यावर मी हा नियम नंतर पाळला, उशीरानं. त्या फोटोतल्या मामांना प्रिंट नेऊन दिली, बादलीसकट. मामांनी हात धोतराला पुसले, प्रिंट ट्यूबच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली. धारेबद्दल काही नाही, माझ्या १/१०० बद्दल काही नाही. म्हणाले, “बादली बरी दिसली. त्याच दिवशी नवी घेतल्याली.”