लांबचं बदक सोडून द्या: वाचकांचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न बदकांच्या शिकारीवरचे घेतलेत. आधीच सांगतो, ही उत्तरं जिथे शिकारीला परवानगी आहे तिथे रीतसर लायसन काढून, सीझन बघून जाणाऱ्यांसाठी आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद आहे, त्यामुळे तिथल्या तळ्यावर कसं जमेल असं ज्यांनी विचारलंय त्यांनी दुर्बीण घेऊन जावं, बंदूक नाही.

प्रश्न: शिशाचे छर्रे बंद झाले म्हणून स्टीलचे घेतले. तेव्हापासून बदकाला लागतं पण ते पडत नाही, जखमी होऊन लांब निघून जातं. काडतूस बदलू का बंदूक?

दोन्ही राहू द्या, आधी अंतर बदला. शिशाची घनता ११.३ आणि स्टीलची साधारण ७.८, म्हणजे त्याच मापाचा छर्रा बराच हलका, आणि हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, मग तुम्ही शिशाच्या सवयीने ४५-५० मीटरवर घोडा ओढता आणि छर्रे पोचतात पण आत शिरायची ताकद उरलेली नसते. जखमी बदकं वाढतात ती इथून. स्टील वापरताना ३०-३५ मीटरच्या पुढे मारूच नका, कोणी कितीही सांगू दे की मी अमुक अंतरावरून पाडलं, न पडलेली किती ते तो सांगत नाही.

दुसरं, छर्र्याचा नंबर. शिशाचा ४ नंबर वापरत असाल तर स्टीलचा २ घ्या. नंबर लहान तेवढा छर्रा मोठा, नवीन लोक इथे हमखास उलटं करतात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग, फार घट्ट नको, स्टील दबत नाही त्यामुळे छर्रे तसेही एकत्र राहतात, मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर असा कमी आवळलेला चोक पुरतो. जुनी, आजोबांच्या वेळची बंदूक असेल तर गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय तिच्यात स्टील भरू नका, तिला बिस्मथ धातूचा छर्रा बरा, महाग पडतो पण मऊ असतो आणि घनता ९.६ च्या आसपास. सीझनच्या आधी मोठा कागद लावून त्यावर ७५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा, ज्या अंतरावर मारणार त्याच अंतरावरून एक एक फैर झाडा आणि छर्रे मोजा. छर्रे सगळीकडे सारखे पसरलेत का मधे बदक निसटेल एवढ्या मोकळ्या जागा आहेत, हे कागदावर लगेच कळतं. हे न करता थेट पाण्यावर जाणारे बरेच आहेत, म्हणूनच हा प्रश्न दर वर्षी येतो.

आणि शिसं का बंद केलं याचा राग नको. बदक पोटात दाणे दळायला खडे गिळतं, तळाशी पडलेले छर्रे त्याला खडेच वाटतात आणि शिसं अंगात भिनून ते मरतं, तुम्ही न मारलेलं बदक. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे आणि तिथले लोक स्टीलने छान मारतात.

प्रश्न: डिकॉय (पाण्यावर सोडायची खोटी बदकं) भरपूर मांडले तरी बदकं दोन घिरट्या घालून निघून जातात. डिकॉय वाढवू का?

अजिबात नको, वारा बघा. बदक वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं, हा एक नियम पक्का धरा म्हणजे बाकी आपोआप जमतं. वारा तुमच्या पाठीवर येईल असे बसा, डिकॉय समोर मांडा आणि मधे उतरायला मोकळं पाणी ठेवा, इंग्रजी यू किंवा जे अक्षरासारखं. बरेच जण डिकॉय इतके दाटीने मांडतात की बिचाऱ्याला पाय टेकायला जागा नाही, ते जाणार नाही तर काय करणार. सगळ्यात लांबचा डिकॉय ३० मीटरवर टाका, पावलं मोजून किंवा रेंजफाइंडरने, मग तोच तुमचा खुंटा, त्याच्या पलीकडचं बदक तुमचं नाही.

घिरट्या घालून जातात म्हणजे त्यांनी बहुतेक काहीतरी बघितलंय. बहुतेक वेळा ते तुमचं तोंड असतं. वर बघणारा उघडा चेहरा उन्हात चमकतो, जाळी लावा किंवा टोपीच्या काठाखालून बघा. आणि हलू नका, बदक डोक्यावर आलं की मान वळवून बघायचा मोह आवरा.

प्रश्न: बदकाचा कॉल (बदकासारखा आवाज काढायची शिट्टी) किती वेळ वाजवायचा?

तुम्ही वाजवताय त्यापेक्षा कमी. बदकं तुमच्याकडेच येत असतील तर गप्प बसा. शेपट्या दिसायला लागल्या, वळून जायला लागली, तेव्हा वाजवा.

प्रश्न: बदक पडलेलं डोळ्यांनी बघितलं तरी लव्हाळ्यात सापडत नाही. कुत्रा नाहीये माझ्याकडे.

माझ्या मते या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण पाडलेलं बदक हातात आलं नाही तर ती शिकार नाही, नासाडी आहे. पहिली सवय म्हणजे एका वेळी एकच बदक. थव्यात अंदाजाने झाडायचं नाही, एक निवडायचं आणि ते पडेपर्यंत त्याच्यावरच नजर. पडल्यावर लगेच दुसऱ्याकडे बंदूक फिरवली की पहिलं कुठे पडलं ते गेलंच समजा. दोघं असाल तर एकाने जागेवरून हलायचं नाही, पडलेल्या जागेच्या मागचं झाड, खांब, वेगळ्या रंगाची लव्हाळ्याची जुडी धरून बोट रोखून ठेवायचं आणि दुसऱ्याला डावीकडे, उजवीकडे, अजून पुढे असं सांगत न्यायचं. एकटे असाल तर निघायच्या आधी तुम्ही उभे होता तिथे काठीला काहीतरी भडक बांधा, कारण पाण्यात वीस पावलं गेल्यावर मागे बघितलं तर सगळं लव्हाळं सारखंच दिसतं. तिथे पोचल्यावर आधी टोपी टाका आणि तिच्याभोवती गोल गोल शोधा, वाऱ्याने बदक वाहून जातं त्यामुळे वारा जिकडे वाहतोय तिकडे जास्त.

पाण्यावर पडून मान वर असेल तर ते जिवंत आहे, लगेच दुसरी फैर द्या, दया म्हणून थांबाल तर ते बुडी मारून झाडीत शिरतं आणि तिथे हाल होऊन मरतं. फक्त पाण्यावर मारताना छर्रे टणकन उसळतात, पलीकडे माणूस, कुत्रा, होडी नाही ना ते बघूनच. आणि ज्या बदकाखाली दाट गचपण आहे, जिथे तुम्हाला चालत जाता येणारच नाही, ते उडताना कितीही सोपं दिसलं तरी मारू नका.

प्रश्न: आम्ही तिघं पहिल्यांदाच जातोय. सेफ्टीचं काय बघायचं?

बंदुकीचं आधी. बसल्यावर हद्दी वाटून घ्या, डावीकडचा डावीकडे, मधला समोर, उजवीकडचा उजवीकडे, आणि बदक दुसऱ्याच्या हद्दीत गेलं की ते त्याचं, नळी त्याच्या मागे फिरवायची नाही. एकाच वेळी तिघांनी उठायचं नाही. होडीत बंदूक रिकामी, चढताना उतरताना रिकामी. नळीत चिखल किंवा बर्फ गेला तर साफ केल्याशिवाय उडवायची नाही, नळी फाटते.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. एकाकडे १२ गेज आणि दुसऱ्याकडे २० गेज (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी बारीक) असेल तर काडतुसं एका खिशात, एका पिशवीत येता कामा नयेत. २० चं काडतूस १२ च्या बंदुकीत भरलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं, तुम्हाला वाटतं भरलंच नाही, तुम्ही मागून १२ चं घालता आणि नळी हातात फुटते. २० गेजची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच, पण अंधारात पिवळं काय आणि लाल काय.

मग पाणी, आणि खरं सांगायचं तर बंदुकीपेक्षा मला पाण्याची भीती जास्त वाटते. लाइफ जॅकेट घालायचं, होडीत ठेवायचं नाही. वेडर्सचा (पाण्यात घालायच्या बूट जोडलेल्या उंच पँटचा) कमरेचा पट्टा घट्ट बांधा म्हणजे पडलात तर पाणी हळू भरतं. गार पाण्यात पडल्यावर १-१०-१ लक्षात ठेवा: पहिलं १ मिनिट श्वास सांभाळायचा, धाप लागते तेव्हा घाबरायचं नाही, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, बाहेर यायचं ते तेवढ्यातच, आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. होडी उलटली तर तिला धरून राहा, किनारा जवळ दिसतो तेवढा नसतो. कुठे जातोय आणि किती वाजता येणार हे घरी सांगून निघा.

प्रश्न: घरी आणल्यावर साफ करताना काही विशेष?

आजारी किंवा आधीच मेलेलं बदक उचलू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. साफ करताना हातमोजे घाला, पोट लवकर काढून मांस थंड करा, शिजवताना आत ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. वाहतुकीत बदकाचा एक पंख पिसांसकट ठेवायचा असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, तपासणारा जात ओळखतो त्यावरून, तो घरी पोचल्यावरच काढा. पायात वाळा निघाला तर त्यावरचा नंबर कळवा, तो पक्षी कुठून आला ते अभ्यास करणाऱ्यांना त्यातून समजतं. आणि जेवताना पहिला घास हळू चावा, एखादा छर्रा मांसात राहतोच, शिसं मऊ तरी होतं, स्टीलवर दाताचा तुकडा पडतो.