अक्कलदाढ, अकलदाढ की अकलदाड?

विचारणा अशी आली आहे: ‘मुलीची दाढ काढायची आहे. दवाखान्यातल्या संमतिपत्रावर “अकलदाड” छापलंय, सासूबाई “अक्कलदाढ” म्हणतात. बरोबर काय? शिवाय मुलगी विचारते, दाढेचा नि अकलेचा संबंध काय, आणि ती काढायलाच हवी का?’

सासूबाईंचं बरोबर. अक्कलदाढ, मध्ये जागा न सोडता. पण छापणाऱ्याची चूक अगदीच अडाणी नाही, तिच्यामागे कारण आहे.

मूळ अरबी शब्द ‘अक्ल’. शेवटी असं जोडाक्षर आलं की मराठी जीभ अडखळते. मग आपण मध्ये एक ‘अ’ सरकवतो आणि आधीच्या व्यंजनाचं द्वित्त करतो. नक्लची नक्कल झाली, शक्लची शक्कल, कत्लची कत्तल, अस्लचं अस्सल. ही खोड इतकी मुरलेली की इंग्रजी पट्ट्याबरोबर ‘बकल’ आलं, त्याचंही बक्कल करूनच आपण थांबलो.

गंमत पुढे आहे. प्रत्यय लागला की यातलं बरंचसं द्वित्त गळतं. अक्कल, पण अकलेचा कांदा. नक्कल, पण नकलेला. रक्कम-रकमेचा, चप्पल-चपलेचा यांचंही तेच. त्यात ‘अकलेचा’ लिहिलं तरी म्हणताना आपण ‘अक्लेचा’ म्हणतो, म्हणजे शब्द फिरून अरबीच्या दारात. ‘अकलेचे तारे’, ‘अकलेचा खंदक’ सतत कानावर पडत असताना कुणी ‘अकलदाढ’ लिहिली तर नवल नाही. पण ‘अक्कलदाढ’ या समासात अक्कलला प्रत्यय लागलेलाच नाही, मग द्वित्त कशाला गळेल? अक्कलहुशारी, अक्कलशून्य, अक्कलखाती जमा, तशीच अक्कलदाढ. अनेकवचन अक्कलदाढा, प्रत्यय लागला की अक्कलदाढेचा.

‘दाड’बद्दल थोडक्यात. शेवटचा ढ बोलताना पातळ होतो, ‘दाड दुखतीया’ आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि बोलण्यात त्याला कुणी नावं ठेवू नयेत. लिहिताना मात्र ढ, कारण संस्कृत दंष्ट्रा, प्राकृत दाढा, मराठी दाढ अशी सरळ वाट आहे. दाढीही याच घरातली.

आता अकलेचा संबंध. समास मध्यमपदलोपी: अक्कल येण्याच्या वयात येणारी दाढ. साधारण 17 ते 25 वर्षांच्या दरम्यान ती येते, म्हणून हे नाव. बुद्धी वयाची सांगितलीय, दाढेची नव्हे. फारसीत ती ‘दंदाने-अक्ल’, बंगालीत ‘आक्केल दाँत’, गुजरातीत ‘डहापणनी दाढ’, तमिळमध्ये ‘ञानप्पल्’. तुर्कीत अकलेच्या भानगडीत न पडणारं ‘वीस वर्षांचा दात’ असंही नाव आहे. मला सगळ्यांत आवडतं ते जपानी नाव, ‘ओयाशिराझू’, म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेली. त्या वयातली पोरं आईबापांना काय काय सांगत नाहीत, त्यात एक दाढही.

जाता जाता: दातदुखीवर चावतात तो अक्कलकारा मात्र या अकलेचा कुणी लागत नाही. तो अरबी ‘आकिरकर्हा’ या वनस्पतिनामावरून आला. अक्कल आपल्या कानांनी त्यात घातली.

काढायलाच हवी का, याचं उत्तर शब्दकोशात नाही, एक्स-रेत आहे. चार अक्कलदाढा सगळ्यांना येतातच असं नाही, काहींना एकही येत नाही. सरळ आली, ब्रश पोचतो, दुखत नाही, तर तिला कुणी हात लावू नये. ब्रिटनमध्ये तर 2000 सालापासून अडकलेली पण निरोगी दाढ उगाच काढू नये असं अधिकृत मार्गदर्शनच आहे. घोळ होतो तो जागा अपुरी पडल्यावर. दाढ अर्धी वर येते, उरलेल्या भागावर हिरडीचं झाकण राहतं, त्याखाली अन्न साचतं, सूज येते, पू होतो, तोंड उघडेनासं होतं. माझी डावीकडची खालची अशीच होती. दोनदा गोळ्यांवर भागवलं, तिसऱ्यांदा काढली, आणि आठवडाभर मऊ भातावर काढला. वारंवार असं होत असेल, आडवी दाढ शेजारच्या दाढेला किडवत असेल, ती स्वतःच भरता न येण्याइतकी किडली असेल किंवा मुळाशी गाठ धरली असेल, तर काढणं भाग पडतं. खालच्या दाढेची मुळं कधीकधी जबड्यातल्या नसेला लागून असतात. नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. सही करण्याआधी हे डॉक्टरांना जरूर विचारा.

राहता राहिलं क्रियापद. दाढ ‘काढतात’. ‘पाडतात’ म्हटलं की मारामारीचा वास येतो, ‘उपटतात’ म्हटलं की गाजराचा. फक्त ‘काढणे’ जपून वापरा. ‘दात काढणे’ म्हणजे खिदळणे आणि ‘अक्कल काढणे’ म्हणजे अपमान करणे, त्यामुळे फोनवर नातेवाइकांना सांगताना ‘दाढ’ हा शब्द गाळू नका. आणि त्या संमतिपत्रावर दोन दाढा काढायच्या असतील तर ‘अक्कलदाढा’ असं अनेकवचन करून घ्या, कोणत्या बाजूच्या तेही लिहून घ्या.