गुडघ्याच्या सुजेवर मॅग्नेटचा पट्टा लावून फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की आईचा गुडघा सुजतो, दुखतो, आणि कोणीतरी सांगितलं की मॅग्नेटचा पट्टा रक्तातलं लोह ओढतो, रक्त खेळतं आणि सूज उतरते, तर घेऊ का. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हा प्रश्न मला सारखा येतो. लोह ओढलं जाण्याची गोष्ट खरी नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही, उलट ऑक्सिजन भरलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित लांबच सरकतं. एमआरआय मशीन 1.5 किंवा 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) असतं म्हणजे पट्ट्यापेक्षा कितीतरी ताकदीचं, तरी त्यात पेशंटचं रक्त कुठे ओढलं जात नाही. शिवाय पट्ट्यातले चुंबक छोटे, त्यांचा जोर अंतराबरोबर इतका झपाट्याने कमी होतो की आत सांध्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही.

मग लोकांना बरं का वाटतं? खोटं नाही बोलत ते. 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 194 जणांवरचा प्रयोग आला होता, गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या संधिवाताचे पेशंट, आणि मॅग्नेटचं कडं घातलेल्यांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. पण यात गोची अशी की आपल्या हातात खरा मॅग्नेट आहे का नकली हे किल्ली जवळ नेली तरी कळतं, आणि एकदा कळलं की आराम पडेल ही आशा स्वतःच दुखणं कमी करते, म्हणून असे प्रयोग नीट करणं फार अवघड. 2007 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तेव्हा एकूण दुखण्यावर ठोस फायदा दिसला नाही, फक्त सांध्यांच्या झिजेत थोडा फायदा असू शकेल ही शक्यता तपासणाऱ्यांनी पूर्ण नाकारली नाही. 2013 मध्ये आमवाताच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) 70 पेशंटवर झालेल्या प्रयोगात तर ना दुखणं कमी झालं ना सूज. उंदरांमध्ये मुद्दाम आणलेली सूज 70 मिलिटेस्लाच्या चुंबकाने कमी झाल्याचा प्रयोग आहे, पण चुंबक लगेच लावला तरच, सूज पूर्ण चढल्यावर नाही. आईची सूज जुनी आहे.

पट्टा बांधल्याने ऊब मिळते, आधार मिळतो, त्यासाठी साधा नी कॅपही चालतो. खरा फरक पडतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या व्यायामाने, रोज थोडा पण न चुकता, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने. तरीही मॅग्नेट वापरायचाच असेल तर पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप असलेल्यांनी तो अजिबात जवळ आणू नका.

आणि कृपा करून एवढं बघा, सकाळी उठल्यावर आखडलेपणा तासभर राहतो का, हाताची बोटं पण सुजतात का? तसं असेल तर आमवात असू शकतो, त्यात औषध उशिरा सुरू झालं तर सांधे कायमचे खराब होतात. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.