वक्फ मंडळ बरखास्त होते तेव्हा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातील एका दर्ग्याचा मुतवल्ली (व्यवस्थापक) आहे. सरकारच्या मनात आले की राज्याचे वक्फ मंडळ, म्हणजे धार्मिक वा धर्मादाय कामासाठी कायमच्या दिलेल्या मुस्लिम मालमत्तांवर (वक्फांवर) देखरेख करणारे मंडळ, बरखास्त करता येते का?

नाही. 1995 च्या वक्फ अधिनियमाच्या कलम 99 ने हा अधिकार राज्य सरकारला दिला आहे, पण तो मोकळा सोडलेला नाही. मंडळ आपले काम करण्यास असमर्थ असले, कर्तव्यात सतत कसूर करीत असले, त्याने अधिकारांचा गैरवापर केला असला, सरकारचे निर्देश पुरेशा कारणाशिवाय धुडकावले असले किंवा वार्षिक तपासणीच्या अहवालावरून त्याचे राहणे राज्यातील वक्फांच्या हिताला बाधक ठरेल असे दिसले, तरच हे पाऊल उचलता येते. त्याआधी मंडळाला कारणे दाखवा नोटीस देऊन पुरेसा वेळ द्यावा लागतो आणि आलेल्या खुलाशाचा विचार करावा लागतो. 2013 च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली. आर्थिक अनियमितता, गैरवर्तन किंवा कायद्याचा भंग यांचा प्रथमदर्शनी पुरावा नसेल, तर हा अधिकार वापरताच येत नाही.

माझ्या मते सगळे या नोटिशीवर ठरते. ‘मंडळाचा कारभार समाधानकारक नाही’ एवढे एक वाक्य लिहिलेली नोटीस ही नोटीसच नव्हे. कोणत्या गटातील जमीन कोणत्या ठरावाने भाड्याने दिली, लेखापरीक्षणातील कोणत्या आक्षेपाला उत्तर आले नाही, कोणत्या तारखेच्या निर्देशाची अंमलबजावणी झाली नाही, हे त्यात लिहिलेले असावे लागते. अन्यथा मंडळाने खुलासा द्यायचा तरी कशाचा?

प्रश्न: बरखास्तीनंतर मंडळाची मालमत्ता सरकारकडे जाते असे वाचले. मग आमच्या कब्रस्तानाची जमीनही सरकारजमा होणार का?

ही भीती अनेकांनी कळवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. राजपत्रात अधिसूचना निघाली की सर्व सदस्यांची पदे जातात, मंडळाचे अधिकार सरकार नेमील त्या व्यक्तीकडे म्हणजे व्यवहारात प्रशासकाकडे येतात आणि मंडळाकडे निहित असलेली मालमत्ता त्या मुदतीपुरती राज्य सरकारकडे निहित होते. यातील ‘मंडळाकडे निहित असलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपले कब्रस्तान मंडळाच्या मालकीचे कधीच नव्हते. वक्फ केलेली मालमत्ता अल्लाहच्या नावे कायमची बांधली जाते, तिची व्यवस्था मुतवल्ली किंवा समिती पाहते आणि मंडळ केवळ देखरेख करते. देखरेख करणारा बदलला म्हणून जमीन बदलत नाही. विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण यांवरील कलम 51 ची बंदी प्रशासकालाही तितकीच लागू आहे, आणि मंडळाला द्यायच्या वार्षिक अंशदानाची आपली जबाबदारीही त्या काळात थांबत नाही.

खरा त्रास वेगळाच असतो. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक पडलेला असतो, पण निर्णय घेणारी बैठक होत नाही. प्रशासक बहुधा दुसऱ्या खात्याचा कार्यभार सांभाळून हे काम पाहतो, आणि पावसाळ्यात भिंत खचली तरी फाईल जागची हलत नाही. म्हणूनच मुदतीचा आग्रह धरायला हवा.

प्रश्न: ही मुदत किती असते?

सहा महिने. लेखी कारणे नोंदवून आणखी सहा महिने वाढवता येते, पण सलग एक वर्षापेक्षा अधिक नाही. त्यानंतर मंडळाची पुनर्रचना करावीच लागते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता, हे आपण पाहिले आहे. तिथले कारण वेगळे होते, पण प्रशासकाची सवय कशी लागते ते त्यातून कळते.

प्रश्न: आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये वक्फ मंडळ बरखास्त केले, ते याच कलमाखाली का?

बातम्यांत ‘बरखास्त’ हा शब्द आला, पण घडले ते निराळे. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या आधीच्या सरकारने 11 सदस्यांचे मंडळ स्थापन केले. अध्यक्षांच्या निवडीला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि मंडळ अध्यक्षाविना अडकून पडले. 30 नोव्हेंबर 2024 रोजी नव्या सरकारने मंडळ स्थापनेचा तो शासन आदेशच मागे घेतला आणि पुढे नवे मंडळ नेमले. ठप्प झालेला कारभार सुरू करणे आवश्यक होते, हे मी मान्य करतो. तरीही स्थापनेचा आदेश मागे घेण्याच्या वाटेवर कलम 99 मधली नोटीस, पुराव्याची अट आणि मुदतीची मर्यादा यांपैकी काहीही आडवे येत नाही, आणि सत्ताबदलानंतर प्रत्येक सरकार हीच वाट धरू लागले तर कलम 99 केवळ कागदावर उरेल. मला हे फार गंभीर वाटते.

प्रश्न: 2025 च्या दुरुस्तीने या अधिकारात काय बदलले?

कलम 99 जसेच्या तसे आहे. बदलली ती मंडळाची रचना. पूर्वी मुस्लिम खासदार, आमदार, बार कौन्सिलचे सदस्य आणि वर्षाला एक लाख रुपये किंवा अधिक उत्पन्न असलेल्या वक्फांचे मुतवल्ली आपापल्या गटातून प्रतिनिधी निवडून देत. आता सर्व सदस्य राज्य सरकार नेमते. काही सदस्य मुस्लिमेतर असावेत अशीही तरतूद आली, परंतु 11 जणांच्या राज्य मंडळात असे तीनपेक्षा अधिक नसावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात म्हटले आहे. नेमणारा आणि काढणारा एकच झाल्यावर, मंडळातील निवडून आलेला सदस्य सरकारला जो प्रश्न विचारू शकत होता तो आता कोण विचारणार, ही माझी चिंता आहे.

प्रश्न: बरखास्तीचा आदेश चुकीचा वाटला तर दाद कुठे मागायची? वक्फ न्यायाधिकरणाकडे का?

आपल्या स्थानिक व्यवस्थापन समितीला मंडळाने हटवले असेल तर न्यायाधिकरणाकडे जावे. राज्य सरकारने मंडळच बरखास्त केले असेल तर घटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करावी. अशी लढाई लांबू शकते: महाराष्ट्राच्या मंडळाची 2002 ची स्थापना मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवायला ऑक्टोबर 2022 उजाडला. याचिकेसोबत राजपत्रातील अधिसूचना, नोटीस आणि मंडळाचा खुलासा यांच्या प्रती जोडाव्या लागतील; त्या आपल्याकडे नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच द्यावा.