मूठभर धर्मानुयायी ‘सुरक्षेला धोका’ कसे ठरतात?

तुम्ही विचारलंय की ज्यांनी कधी काठीसुद्धा उगारली नाही, अशा लहानशा धर्मसमूहामागेही गुप्तचर खातं का लागतं. माझ्या मते सरकारला त्यांच्या देवाशी फारसं घेणंदेणं नसतं. त्याला खुपतं ते एवढंच, की या माणसासाठी शेवटचा शब्द आपला नाही.

1570 साली पोप पाचव्या पायसने इंग्लंडच्या प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीला बहिष्कृत केलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळं करून टाकलं. फतवा रोमचा, भोगलं मात्र इंग्लंडमधल्या साध्यासुध्या कॅथलिकांनी. 1585 च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या पाद्र्याचं देशात नुसतं असणं हाच राजद्रोह ठरला. 1605 मध्ये संसद उडवण्याचा कट खरोखरच शिजला, हे नाकारता येत नाही. पण कटवाले होते तेरा, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्यांनी वकिली-वैद्यकी बंद झाली ती कटाशी काही संबंध नसलेल्या कॅथलिकांनाही.

इराणमधल्या बहाईंची, म्हणजे तिथेच एकोणिसाव्या शतकात उगवलेल्या बहाई धर्माच्या अनुयायांची, गोष्ट तर याहून विचित्र. त्यांचे संस्थापक बहाउल्ला यांना 1868 मध्ये ऑटोमन (तुर्की) सरकारने कैदी म्हणून पॅलेस्टाइनमधल्या अक्का इथे धाडलं. ते वारलेही तिथेच. 1948 नंतर तो मुलुख इस्रायलमध्ये आला, जवळच्या हैफात बहाईंचं जागतिक केंद्र आहे, आणि म्हणून इराणमधला बहाई ‘इस्रायलचा हेर’! पक्षीय राजकारण त्यांना धर्मानेच वर्ज्य आहे, पण ते कोण ऐकतो? 1991 च्या एका गोपनीय सरकारी टिपणात म्हटलंय की यांच्या प्रगतीची वाट अडेल असं वागावं, आणि बहाई असल्याचं कळताच विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढावं. आता पटावरून नाव कापल्याने कोणता हेर पकडला जातो, देव जाणे.

एकदा फाइल सुरक्षा खात्याकडे गेली की सुटका अवघड, कारण तिथे प्रत्येक गोष्ट पुरावाच असते. गप्प राहिले तर काहीतरी लपवतायत. एकत्र जमले तर संघटन बांधतायत. लष्करात जायला नकार दिला तर निष्ठाच नाही.

पुढचं काम कायद्यातली व्याख्या करते. रशियाच्या अतिरेकवादविरोधी कायद्यात हिंसेची अट नाही. धर्माच्या आधारे आपण श्रेष्ठ असल्याचा प्रचारही त्यात बसतो. ‘आमचाच धर्म खरा’ असं न म्हणणारे धर्म किती सापडतील? तरी सरकारी मर्जीतल्या चर्चवर तो बडगा उगारला जात नाही. एप्रिल 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथावर बंदी घातली. हे लोक शस्त्र हाती घेत नाहीत म्हणूनच ओळखले जातात. पुढच्याच महिन्यात ओर्योल शहरात त्यांच्या प्रार्थनासभेवर छापा पडला. तिथे पकडलेल्या डॅनिश सुताराला 2019 मध्ये ‘अतिरेकवादी संघटनेचं काम चालवल्याबद्दल’ सहा वर्षांची शिक्षा झाली. काम म्हणजे काय, तर प्रार्थनासभा भरवणं.