लाइव्ह पोकरमध्ये पाहुणे समालोचक आणि मुलाखती इतक्या पोकळ का वाटतात?

तुमचा प्रश्न असा, की एवढे नावाजलेले खेळाडू समालोचनाला येऊन बसतात, तरी ऐकणाऱ्याच्या पदरात काही का पडत नाही? मी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, म्हणजे लास वेगासला दरवर्षी होणारी पोकरची मोठी स्पर्धा, बरीच वर्षं बघतोय. जुलैत लास वेगासला संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. एवढी झोप मोडून बसल्यावर पोकळ बोलणं खरंच सहन होत नाही.

माझ्या मते खरी मेख अशी, की पाहुण्याला सगळ्यांची पानं दिसत असतात आणि टेबलावरच्या माणसाला फक्त स्वतःची दोन. सगळं दिसत असताना ‘इथे फोल्ड करायला हवं होतं’, म्हणजे पानं टाकून डाव सोडायला हवा होता, हे कोणीही सांगेल.

याच स्पर्धेची 2003 ची फायनल घ्या. शेवटी ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फरहा दोघंच उरलेले. टेबलावर दोघांनाही वापरता येणारी पाच उघडी पानं: नव्वी, छक्की, अठ्ठी अशी तीन इस्पिकं, शिवाय चौकटची दुर्री आणि शेवटी बदामची तिर्री. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, म्हणजे फ्लशही (एकाच रंगाची पाच पानं) हुकला आणि स्ट्रेटही (ओळीने पाच पानं). तरी त्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फरहाकडे इस्पिकची राणी आणि एक नव्वी, म्हणजे टेबलावरच्या नव्वीशी मिळून नव्व्यांची जोडी होती. त्याने विचारलंसुद्धा, फ्लश हुकला वाटतं तुझा? अंदाज तंतोतंत बरोबर, आणि तरीही त्याने पानं टाकली. समालोचक नॉर्मन चॅडने मनीमेकरच्या या खेळीला शतकातला ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना घातलेली थाप, म्हटलं. वाक्य गाजलं, पण ते पानं दिसणाऱ्याचं वाक्य आहे. पाहुणा खेळाडू हवा तो फरहाच्या खुर्चीत बसून बोलायला: इस्पिकची राणी माझ्याच हातात, म्हणजे समोरच्याकडे फ्लश असण्याची शक्यता थोडी कमी. पण एखाद्या दश्शी-सत्तीनेही स्ट्रेट होतो, आणि हरलो तर सगळंच संपल्यात जमा. हा हिशेब ऐकला, की फरहाचं पानं टाकणं भित्रेपणाचं वाटत नाही.

मुलाखतीतही तेच. ‘आता कसं वाटतंय?’ याला ‘छान वाटतंय’ याशिवाय काय उत्तर येणार? फरहाला विचारायला हवं होतं, की अंदाज बरोबर होता, मग हात का आखडला? कारा स्कॉट टेबलाशेजारी उभी राहून मुलाखती घ्यायची, त्या मला म्हणूनच आवडायच्या. ती स्वतः 2009 च्या आयरिश ओपन या पोकर स्पर्धेत दुसरी आली होती. कुठल्या डावाबद्दल विचारायचं, हे खेळलेल्या माणसालाच सुचतं.

पाहुणे मोकळेपणाने बोलत नाहीत, याला आणखीही एक कारण आहे. उद्या त्याच माणसासमोर बसून खेळायचं असतं, मग आपली विचार करायची पद्धत उघडी कशाला करा? शिवाय खेळाडू एकमेकांच्या प्रवेश फीमध्ये पैसे घालून बक्षिसात वाटा ठेवतात. पडद्यावरच्या खेळाडूत पाहुण्याचा वाटा असेल, तर तो सुरुवातीलाच सांगून टाकावा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि कळलं की आपणही त्या हिशेबाने ऐकतो.

सगळ्यात चांगले पाहुणे म्हणजे नुकतेच बाद झालेले. फसवणूक होऊ नये म्हणून पानं दाखवणारं प्रक्षेपण बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास उशिराने दिसतं. तेवढ्या वेळात बाद झालेला माणूस समालोचकांशेजारी येऊन स्वतःचाच शेवटचा डाव बघू शकतो. जखम ताजी असते, त्यामुळे तो खरं बोलतो.

एक करून बघा. मी लॅपटॉपवर पानं दिसतात त्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवतो आणि नुसतं ऐकतो. बऱ्याच पाहुण्यांच्या बाबतीत दोन डावांतच काही कळेनासं होतं. खेळाडू आणि समालोचक निक शुलमन बोलत असला, की तो तुकडा काढायची आठवणही राहत नाही.