पंखा झटका देतो आणि थांबतो : जुन्या कॉम्प्युटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बी-बियाणांच्या दुकानात २०१० साली घेतलेला डेस्कटॉप आहे. मागच्या आठवड्यात लाईट जाऊन आली. तेव्हापासून बटण दाबलं की पंखा एकदा झटका देतो आणि थांबतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला. नवीनच घ्यावा का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : इतक्यात नको. अशा वेळी आधी संशय घ्यायचा तो एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा. कुठे शॉर्ट झालं किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, की हा डबा स्वतःला बंद करून घेतो. पंख्याचा झटका म्हणजे तेच. शेतातल्या मोटारी चालू असताना आपल्याकडे व्होल्टेज पार उतरतं आणि मोटारी बंद झाल्या की एकदम चढतं. डब्यातले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग, इतक्या उन्हाळ्यांत आधीच सुकत आलेले असतात. लाईट येतानाचा एक धक्का त्यांना पुरतो.

तपासणी घरीच होते. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. मदरबोर्डवरचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा छोटा, दोन्ही काढा. हार्ड डिस्कची वायरही काढा. डब्याला थोडा भार हवा म्हणून डीव्हीडी रायटर तेवढा जोडलेला राहू द्या. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि कोणतीही एक काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मगच प्लग लावा. पंखा फिरायला लागला तर मल्टिमीटर डीसी २० वर ठेवून काळ्या वायरीच्या तुलनेत मोजा : पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४६ व्होल्ट. जांभळी वायर विसरू नका. प्लग लावल्याबरोबर, क्लिप नसतानाही, तिच्यावर ५ व्होल्ट आले पाहिजेत, कारण बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते तिच्या जोरावर. यातलं एक जरी माप चुकलं तरी डबा बदला. तो उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

नवा डबा घेताना वरच्या ठळक '४५०' वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ अँपिअर म्हणजे १९२ वॅट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या तुमच्या मशिनला तेवढे पुष्कळ झाले. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून प्लग लावला की नवा डबाही जागीच उडतो.

सगळी मापं बरोबर आली तर दोष पुढे आहे. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम ठेवा, दोन्ही कनेक्टर लावा आणि सुरू करा. चाललं, तर एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यावर बंद पडेल ती दोषी. तरीही झटकाच आला तर प्रोसेसरभोवतीचे उभे कॅपॅसिटर बघा. त्यांचा माथा सपाट असायला हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी पाझर दिसला तर तितकेच बदलून मिळतात, मात्र १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर प्रकारचेच मागा. बोर्डाखाली एखादा स्क्रू पडलेला नाही ना, तेही पाहा.

प्रश्न : पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. आतून सारखी बीप वाजते.
– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : बीप थांबतच नसेल तर बहुतेक वेळा रॅम नीट लागत नसते. प्लग काढा, दोन्ही कडांचे क्लिप दाबून रॅम बाहेर घ्या आणि तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. सँडपेपर मुळीच नको, तो मुलामा फार पातळ असतो. खाचेतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. परत बसवताना दोन्ही क्लिप 'टक्' करून लागले पाहिजेत. दोन रॅम असतील तर एकेक करून प्रत्येक खाचेत लावून बघा. एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या तर मात्र बहुतेक बोर्डांवर दोष डिस्प्लेकडे असतो.

ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. याने मशिन बिघडेल का?
– एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : बिघडेल, आणि हा प्रश्न मशिनपेक्षा माणसांचा आहे. तुमच्याकडे अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलवरून कॅबिनेटकडे दोन बारीक कॅपॅसिटर असतात. अर्थ नसला की कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल लावताना तोच बोर्डाचा पोर्ट जाळू शकतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा : सॉकेटमध्ये फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल ही दोन मापं जवळपास सारखी यायला हवीत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, ती अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि पावसाळ्यात चालणारं अर्थिंग एप्रिलमध्ये चालत नाही. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. तरी माप येत नसेल तर वायरमनकडून पाइपचा जोड तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कुणालाही करू देऊ नका. डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला तर संपूर्ण कॅबिनेट २३० व्होल्टवर जातं.

प्रश्न : रोज तारीख मागे जाते आणि सुरू करताना एफ-१ दाबावं लागतं.
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदला. नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टचा. अधिक खूण वर ठेवा. नंतर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरून सेव्ह करा.

प्रश्न : आमच्या छापखान्याचा कॉम्प्युटर आता उभा राहणार नाही असं दिसतं. पंधरा वर्षांच्या पत्रिका आणि स्मरणिका त्यात आहेत.
– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : मशिन मेलं म्हणजे हार्ड डिस्क मेली असं नव्हे. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. अडॅप्टर घेण्याआधी डिस्कची मागची बाजू बघा : चाळीस पिनांची रुंद ओळ असेल तर ती आयडीई, चपटी खाच असेल तर साटा. दोन्हींना बसणारे अडॅप्टर मिळतात, पण डेस्कटॉपच्या मोठ्या आकाराच्या डिस्कला सोबत १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. डिस्क 'कट् कट्' वाजत असेल तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, प्रत्येक प्रयत्नात आतल्या तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. फाइली कॉपी करताना विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचला. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय ते चालत नाही ती छोटी किल्ली, जुन्या कॅबिनेटच्या मागे अडकलेलं असेल, तेही भंगारात देण्याआधी काढून घ्या.